आबांच्या नावावर चाललेलं मशीन

रहाटणीत आबाजींच्या घराला तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, एक खोली आहे. तिच्यात फरशी बसली, भिंतींना रंग लागला, डोक्यावर तीन मजले चढले, भाडेकरू आले नि गेले; पण घरात तिचं नाव अजून ‘गोठ्याची खोली’च. खिलारी जोडी जाऊन तीस वर्षं होऊन गेली असतील. भिंतीतली दावणीची लोखंडी कडी तेवढी राहिलीय. बांधकामाच्या वेळी गवंडी ती उपटायला निघाला, तेव्हा आबा म्हणाले होते, “ऱ्हाऊ दे रं. काय खायाला मागती का ती?”

त्या कडीत आता सूनबाईंनी, तेजस्विनीनं, इंटरनेटची निळी वायर ओवलीय. वायर जाते ती टेबलावरच्या एका काळ्या पेटीत. ही पेटी म्हणजे सर्व्हर. म्हटलं तर संगणकच, पण अंगानं दणकट, लिनक्सवर चालणारा. तेजस्विनी हिंजवडीच्या नोकरीत असलेच सर्व्हर सांभाळायची. यंदाच्या पाडव्याला नोकरी सोडून तिनं घरूनच स्वतःचं काम सुरू केलं, आणि फिरून फिरून पहिलं मोठं काम आलं ते सासऱ्यांच्याच जुन्या कंपनीचं.

आबांनी त्या कंपनीत पस्तीस वर्षं काढली. आधी चिंचवडला. रहाटणीहून काळेवाडीवरनं सायकल मारत जायचं, डब्याची पिशवी हँडलला. मग कंपनी चाकणला गेली आणि आबा कंपनीच्या बसमधून जाऊ लागले. गाड्यांची दातेरी चाकं बनवायचं काम. पहिली सतरा वर्षं आबा मेंटेनन्सला होते, म्हणजे बिघडलेलं मशीन उघडायचं नि चालू करून द्यायचं. पुढं कंपनीनं गिअर टेस्टर आणला. दोन चाकं एकमेकांत अडकवून हळूहळू फिरवायची, की कुठल्या दाताला खोट आहे ते हे मशीन कागदावर रेघ ओढून सांगतं. रेघ सरळ गेली तर चाक पास, उसळली तर बाद. ते मशीन आबांच्या ताब्यात आलं आणि निवृत्तीपर्यंत, अठरा वर्षं, त्यांच्याच हाताखाली राहिलं. घरच्या बैलाला ओळखावं तसं ते त्याच्या आवाजावरनं सांगायचे, आज ह्याचं पोट बरं न्हाई.

मशीन अजून खणखणीत आहे. त्याला जोडलेला संगणक मात्र मरायला टेकला होता. तो जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही, आणि ज्यांनी लिहिला ती कंपनीच उरली नाही. शिवाय एकटा तोच नाही; त्याला ड्रॉइंग पुरवणारा दुसरा संगणक टूलरूममध्ये आणि निकाल साठवणारा तिसरा स्टोअरमध्ये, तेही तेवढेच म्हातारे. तिघं एकमेकांशी बोलतील तरच टेस्टर चालतो. मेंटेनन्सचा आत्ताचा साहेब समाधान एके दिवशी घरी आला, तिन्ही संगणकांच्या डिस्का टॉवेलात गुंडाळून.

“वहिनी, तुम्ही म्हणता तसं जमलं तर ठीक,” तो चहा घेता घेता म्हणाला. “दसऱ्यानंतरचा दुसरा शुक्रवार शेवटचा. वरच्यांनी सांगितलंय, त्या दिवशी चालला तर ठेवा, नाहीतर टेस्टर भंगारात. आणि तिकडं आणण्याआधी प्रोग्राम इथं दोन दिवस न थांबता चालवून दाखवायचा.”

आबांनी बशी खाली ठेवली. “भंगारात?”

“मी तरी काय करू आबा? जागा अडतीय म्हणतात.”

मग वातावरण हलकं करायला तो हसून म्हणाला, “तुम्हाला सांगितलंच नाही ना? प्रोग्राम सुरू झाला की तो चालवणाऱ्याचं नाव विचारतो. यादीत तुमचं नाव पहिलं. नवीन नाव घालायचं तर पासवर्ड लागतो, तो कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळी पोरं पहिल्या नावावर एंटर मारतात. दहा वर्षं झाली, सगळी चाकं तुमच्याच नावानं पास होतायत.”

“म्हंजी दहा वर्सं मी घरी बसून ड्यूटी करतूय म्हना की!” आबा म्हणाले. आबांच्या पत्नी शालनबाई आतून ओरडल्या, “तरीच घरातलं एक काम व्हत न्हाई ह्यांच्याच्यानं.”

तर तेजस्विनीनं काय केलं, की त्या काळ्या पेटीच्या पोटात तीन जुने संगणक जिवंत केले. खरे नव्हेत, त्यांची हुबेहूब सोंगं. तिच्या भाषेत व्हर्च्युअल मशीन. जुन्या प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच जुन्या घरात आहोत, पंखा तोच, पडदा तोच. प्रत्यक्षात घर केव्हाच पडलेलं. आबांना काही उमगेना. शालनबाईंनी मात्र देवापुढची वात सारता सारता एका वाक्यात निकाल लावला, “परकायाप्रवेश. आमच्या पोथीत हाय की.”

पहिल्यांदा तो पडदा उजळला तेव्हा आबा शेजारी स्टुलावर बसले होते. हिरवट निळा रंग, वरच्या कोपऱ्यात चाकाचं चित्र. ‘मशीन सापडत नाही’ अशी पाटी आली, कारण मशीन चाकणला. पण खाली नावांची यादी उघडली. इंग्रजी अक्षरांत आबाजी. त्याखाली बबन. आणखी चार नावं. सहांतले तिघे आता नाहीत; बबन त्यांतला एक. आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि तेजस्विनीला म्हणाले, “बंद करू नगंस लगेच. ऱ्हाऊ दे जरा.”

चार दिवस तिन्ही सोंगं एकदम चालली, एकदाही थांबली नाहीत. मग नवरात्राचा शेवट आला. तेजस्विनी माहेरी, तळेगाव दाभाड्याला निघाली. जाताना सणासुदीचं म्हणून पेटी बंद करून गेली. शनिवारी परत आली, पेटी सुरू केली, तिन्ही संगणक लावले, आणि तासाभरात सगळं थिजलं.

थिजलं म्हणजे कसं, तर पडद्यावरचं घड्याळ अकरा वाजून चाळीस मिनिटांवर थांबलं ते थांबलंच. कीबोर्डवर काही दाबा, दाद नाही. बटण दाबून धरून पेटी मारून पुन्हा उठवायची एवढाच उपाय. पेटी आपली रोजनिशी लिहीत असते, तीही तिनं उघडून पाहिली. अकरा चाळीसपर्यंत सगळं नीट लिहिलेलं, पुढं कोरं. बोलता बोलता माणसाची वाचा जावी तसं.

तेजस्विनीनं आल्या आल्या लिनक्सचा एक नवा अपडेट टाकला होता. तिनं कपाळाला हात लावला, तो अपडेट काढला, जुनं होतं तसं केलं. पेटी दुपारी पुन्हा थिजली. संध्याकाळी पुन्हा.

रविवारी सकाळी आबा शंभर पानी वही घेऊन गोठ्याच्या खोलीत उतरले. पानावर रेघा मारून त्यांनी रकाने पाडले. तारीख, वेळ, काय चालू होतं, काय बदललं, कारण.

“हे काय बाबा?”

“ब्रेकडाउन रजिस्टर. मशीन थांबलं की लिवायचं. आन येका येळी येकच गोष्ट बदलायची. तू काल धा गोष्टी बदलल्यास. आता कुठलीनं बरं झालं आन कुठलीनं बिघडलं, कसं कळायचं?”

तेजस्विनी जरा खट्टू झाली. “बाबा, हे सॉफ्टवेअर आहे. तेल-ग्रीसचं काम नाही.”

“व्हय, पन थांबलंय तर खरं.” मग ते खुर्चीत बसले आणि चष्म्यावरून बघत त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पस्तीस वर्षं शॉपवर, मशिनांमध्ये उभं राहून, विचारत आले होते. “पयलं सांग. शेवटचा हात कुनाचा लागला?”

“माझाच. मीच अपडेट टाकला.”

“मग सुरुवात तिथनं,” आबा म्हणाले, आणि मनातल्या मनात त्यांना थोडं बरंही वाटलं. शिकलेली मंडळी शेवटी तिथंच येतात.

रविवार-सोमवार दोघांनी मिळून ती वही भरली. एकच संगणक लावला, दिवसभर चालला. दोन लावले, चालले. आबा म्हणाले जोड्या बदल. टेस्टर आणि टूलरूम, टूलरूम आणि स्टोअर, स्टोअर आणि टेस्टर. तिन्ही जोड्या बिनतक्रार. तिघं एकत्र आले की तास-दीड तासात खेळ खलास. तेजस्विनीनं प्रत्येकाला जागा कमी देऊन पाहिली, डिस्क तपासली, पंखे फिरतात का ते तळहात धरून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद.

“म्हंजी दोष तिघांतल्या कुनाचाच न्हाई,” सोमवारी दुपारी आबा म्हणाले. “ओझं पुरं पडलं की खालचं कायतरी वाकतंय.”

तेजस्विनी वहीकडं बघत राहिली. “बाबा, रॅम असेल. चार पट्ट्या आहेत आत. सोपं करून सांगते, दोन संगणक असेपर्यंत चौथी पट्टी जवळजवळ रिकामी असते. तिसरा आला की तिच्यावर भार पडतो. उद्या सकाळी तेवढंच तपासते.”

“बघ. तेल-ग्रीसचंच निघालं,” आबा म्हणाले. ती हसली. त्या दिवशी कोजागिरी होती. शालनबाईंनी मसाल्याचं दूध खालीच आणून दिलं, आणि बऱ्याच दिवसांनी आबा बबनरावांविषयी बोलले.

बबनराव फिटर, आबांच्या बरोबरीचा, डाव्या कानानं कमी ऐकू येणारा. चिंचवडला असताना एकदा चाकांना दाते पाडायचं मोठं होबिंग मशीन सारखं बंद पडायला लागलं. दोन दिवस सगळे पंप खोलत होते. तिसऱ्या दिवशी तेलाच्या टाकीतून मूठभर चिंधी निघाली. साफसफाई करताना बबनरावांच्याच हातून राहिलेली. त्या वेळी तिथं आबा आणि बबनराव दोघंच होते. आबा म्हणाले, टाक कचऱ्यात, कोन बघतंय? बबनरावांनी हात पुसले, रजिस्टर घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘टाकीत चिंधी राहिली. बबन.’ आबा चिडले होते. तेव्हा तो म्हणाला, “आबा, न्हाई लिवलं तर पुढल्या खेपंला बाकीची समदी पुन्ना पंपच खोलत बसतील की.” शॉपवर पोरं महिनाभर त्याला ‘चिंधी’ म्हणून हाका मारत होती. तो ओ द्यायचा.

“कोन जानं कुठनं आनलं व्हतं येवढं काळीज,” आबा म्हणाले आणि पेल्याच्या तळाची चारोळी बोटानं काढत राहिले.

मंगळवारी सकाळी तेजस्विनीनं रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. पहिला तासभर सगळं ठीक. मग पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या, एकाखाली एक. चौथी पट्टी.

तिनं पेटी विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पट्टी बदलून देऊ, पण आमचा माणूस सोमवारी येईल. तोवर पेटी उघडू नका, आमच्या माणसाशिवाय कुणी उघडली तर वॉरंटी जाते.

“सोमवारी!” तिनं फोन ठेवला. “शुक्रवार तर परवाच्या पलीकडं आहे. तीन पट्ट्यांवर तिघं मावत नाहीत.” ती लाल ओळींकडं वळली. “समाधानभाऊंना पाच वाजता फोन करते. होत नाही म्हणून सांगून टाकते. आणि बाबा, मला एक कळत नाही. कोरी पट्टी. दुकानातून जोडून आली, चार दिवस घोड्यासारखी चालली. कुणी हात लावला नाही, काही नाही, बसल्या जागी बिघडते कशी?”

 आबा वही मिटून वर गेले.

स्वयंपाकघराच्या दारामागं कॅलेंडर टांगलेलं. त्यातल्या चौकोनांत शालनबाईंची बारीक अक्षरं असतात. सिलिंडर कधी लावला, दूध कधी नको म्हणून सांगितलं, कुणाचं बाळंतपण, कुणाचं वर्षश्राद्ध. पेटी कुठल्या दिवसापासून बिघडली ते एकदा नीट ताडून बघू, म्हणून आबांनी दसऱ्याच्या आठवड्यावर बोट फिरवलं. बुधवारच्या चौकोनात बोट थांबलं. ‘खंडेनवमी. देव धुतले. खालच्या मशीनची पूजा, ह्यांनी उघडून पुसलं.’



शेवटचा हात कुणाचा असं ते तीन दिवस विचारत होते, ते काही नाटक नव्हतं. पूजा म्हणजे हात लावणं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कंपनीत खंडेनवमी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. आदल्या दिवसापासून मशिनं उघडायची, घासायची, तेलाचा थेंब राहू द्यायचा नाही. मळक्या मशीनची पूजा करायची नाही, हा शॉपचा नेम. त्या एका दिवशी बायकापोरांना गेटच्या आत सोडायचे. एका वर्षी शालनबाई लेकाला, शेखरला, कडेवर घेऊन आल्या होत्या, हिरवी नऊवारी नेसून. लेथच्या रांगेतून जाताना पदर सावरत म्हणाल्या होत्या, “एवढा आवाज रोज ऐकता व्हय? म्हनून घरी वरडून बोलता.” पुढं टेस्टर आला त्या वर्षीचं पहिलं कुंकू त्यांनीच लावलं. झेंडूचा वास नि मशिनांवर सोडायच्या कुलंटच्या तेलपाण्याचा वास एकत्र यायचा. चाकणला गेल्यावर बायकापोरांचं येणं बंद झालं, पुढं पूजाही ऑफिसात फोटोपुरती राहिली.

यंदा घरातच मशीन आलं होतं, आणि त्याच्या पोटात आपला टेस्टर. तेजस्विनी माहेरी. आबांनी पेटीचं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झाडली. चारही पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. टेस्टरच्या जुन्या संगणकाला दर पावसाळ्यात ते असंच करायचे आणि तो सुरू व्हायचा. मग शालनबाईंनी ताट आणलं. उघड्या पेटीला हळदकुंकू, फूल, आणि दोघांनी मिळून अक्षता वाहिल्या. त्यानंतर आबांनी पट्ट्या पुन्हा बसवल्या. चौथी जरा कडक वाटली होती. अंगठ्यानं दाबली, टक् असा आवाज आला, झालं म्हणून झाकण लावलं.

“काय बघताय एवढं?” शालनबाई मागून म्हणाल्या. हातात तांदळाचं सूप.

आबांनी बोट उचललं नाही. शालनबाईंनी वाचलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्यांनाही उमगलं.

“अगं बया. आपुन अक्षता टाकल्या की.”

“हळू बोल. खाली ऐकू जाईल.”

“जाऊ द्या की मग.”

“शालन,” आबा म्हणाले, “तिला मी तीन दिस इचारतूय, शेवटचा हात कुनाचा. त्या पोरीनं स्वतःला लय बोल लावून घेतलाय. आता कोनत्या तोंडानं सांगू, माजाच म्हनून? आन उघडली म्हटलं की वारंटी बी गेली.”

“वारंटी जाऊ द्या, मशीन जाईल की.”

“सोमवारी दुकानाचा मानूस येऊन काढंल की पट्टी.”

“आन टेस्टर?” शालनबाई सूप खाली ठेवत म्हणाल्या. “त्यो सोमवारपातूर थांबतूय व्हय?”

आबा खिडकीशी गेले. समोरच्या सोसायटीच्या गेटवर एक पाण्याचा टँकर मागं येत होता, रखवालदार शिट्टी वाजवत होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच. त्यांना तो टेस्टर दिसला, दोरखंडानं बांधून टेम्पोत चढवलेला, आणि त्याच्या पडद्यावरची ती सहा नावं. मग दिसला बबन, हात पुसून रजिस्टर पुढ्यात ओढणारा. ‘चिंधी’ म्हटलं की ओ देणारा.

“माज्यानं तर कॅलेंडरावरचं खोडवायचं न्हाई,” शालनबाई पाठीमागून म्हणाल्या. “देवाच्या नावानं लिवलंय त्ये.”

“खोड कोन म्हनतंय?” आबा म्हणाले आणि जिना उतरले.

तेजस्विनीनं फोन हातात घेतला होता. आबांनी वही टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “थांब. फोन लावू नगंस. पेटी खंडेनवमीला मी उघडली व्हती.”

तिनं फोन खाली घेतला.

“पट्ट्या काढल्या, पुसल्या, पूजा केली, परत बसवल्या. तीन दिस तुला इचारत बसलो, आन माजाच हात शेवटचा. ध्यानात न्हवतं असं न्हाई म्हनत. पूजा केलेली ध्यानात व्हती. त्ये हात लावनं हाय, येवढं डोक्यात आलं न्हाई.”

तेजस्विनीनं फोन उपडा ठेवला. 

“बाबा,” ती म्हणाली, “मी शनिवारपासून त्या अपडेटच्या सात पिढ्या उद्धरतेय.”

“व्हय. ऐकलं मी.”

“आणि तुम्ही वर मान डोलवत होता!”

“डोलवत व्हतो खरा.”

तिला हसू आवरेना, रागही पुरता गेला नव्हता. दोन्ही एकदमच तिच्या तोंडावर होते. तिनं पेटी बंद केली, वायर काढली. “उघडा आता. तुम्हीच उघडा. उघडलेलीच आहे तर.”

आबांनी झाकण काढलं. आत पंख्याशेजारी वाळलेल्या झेंडूची एक पाकळी होती, कडेला हळदीचं पुसट बोट. चौथ्या पट्टीचं एक टोक बसलेलं, दुसरं अर्ध्या गव्हाएवढं वर. नीट बघितल्याशिवाय दिसू नये एवढंच. त्यांनी पट्टी उपसली. तेजस्विनीनं मोबाइलचा उजेड धरला. खाचेच्या टोकाशी कुंकवानं लाल झालेली तांदळाची कणी.

“शालन!” आबांनी हाक मारली. “चिमटा आन गं. तुजी अक्षता घावली.”

भुवयांच्या छोट्या चिमट्यानं तेजस्विनीनं कणी काढली, तळहातावर ठेवली. शालनबाईंनी ती उचलून कपाळाला लावली आणि पदराच्या टोकात बांधून टाकली. “पुढल्या साली बाहेरनंच वाहू बाई,” त्या म्हणाल्या. तेजस्विनीनं खाच फुंकून, ब्रशनं झाडून साफ केली. पट्टी बसवली. यावेळी दोन्ही बाजूंना टक् टक् झालं.

तपासणीत लाल ओळ आली नाही. तासाभरानंही नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. मग तिनं तिन्ही संगणक लावले. आबांनी वही ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पट्टीखाली अक्षता. आबाजी.’ लिहून झाल्यावर त्यांनी वही सुनेपुढं सरकवली. तिनं वाचली आणि खाली सही केली, जशी शॉपवर करायची असते.

बुधवार गेला, गुरुवार गेला. आबा दर दोन तासांनी खाली जाऊन पडद्यावरचं घड्याळ चालतंय का बघून येत होते. चालत होतं.

शुक्रवारी शेखरनं पहिल्या शिफ्टला जाताना दोघांना आणि पेटीला गाडीतून चाकणला सोडलं. आबा दहा वर्षांनी त्या गेटातून आत गेले. शॉप ओळखू येत नव्हता. सगळं पांढरं, आवाज कमी, पोरांच्या कानात निळी बुचं. टेस्टर मात्र कोपऱ्यात तसाच, हिरवा, उजव्या खांद्यावर रंगाचा टवका उडालेला. तो टवका बबनरावांच्या पान्याचा. आबांनी त्यावर हात ठेवला.

तेजस्विनीनं केबल जोडल्या. पडदा उजळला. यावेळी ‘मशीन सापडत नाही’ आलं नाही. समाधानचे दोन वरचे साहेब घड्याळ बघत उभे होते. आबांनी चाक चढवायला घेतलेल्या पोराला हातानं थांबवलं.

“आधी वीस मिंटं रिकामं फिरू द्या. थंड मशीन खोटं बोलतं.”

साहेबांनी समाधानकडं पाहिलं. समाधाननं वीस मिनिटांचा गजर लावला. टेस्टर घोंगावत राहिला. आबा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते, देवळात बसावं तसे. मग चाक चढलं, नावांची यादी उघडली, आणि पोरानं सवयीनं पहिल्या नावावर बोट नेलं.

“थांब रं,” आबा म्हणाले. “मी न्हाई चालवत आता. समाधान, तू चालवनार ना?”

“हो आबा, पण माझं नाव नाही त्यात. पासवर्ड...”

“मला म्हाईत हाय की.”

“तुम्हाला माहीत आहे? मग दहा वर्षं सांगितला का नाही?”

“कुनी इचारलाच न्हाई.”

आबा खुर्चीवर बसले, एका बोटानं शोधत शोधत सात अक्षरं दाबली. ‘चिंधी’, इंग्रजी अक्षरांत. बबनरावांनी स्वतःच ठेवला होता तो, कुणाला सुचणार नाही म्हणून. यादीखाली नवी रिकामी ओळ उघडली. तेजस्विनीनं स्पेलिंग सांगितलं, आबांनी समाधानचं नाव घातलं, आणि खुर्ची सोडून बाजूला झाले.

समाधाननं सातवं नाव निवडलं. चाकं फिरू लागली. कागद हळूहळू बाहेर आला, त्यावर रेघ सरळ चाललेली, मध्ये एका दाताला किंचित उचललेली, मर्यादेत. एक साहेब कागद हातात घेऊन म्हणाला, “ठेवा मग. चालतंय तर.” आणि दोघं दुसऱ्या लाइनकडं निघून गेले.

समाधाननं कागद फाडून आबांना दिला. खाली चालवणाऱ्याच्या जागी दहा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं नाव होतं. आबांनी तो चौघडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

परतीच्या बसमध्ये तेजस्विनी म्हणाली, “तुमचं नाव काढायचं का यादीतून? एका मिनिटाचं काम आहे.”

आबा बाहेर बघत होते. मोशी मागं पडली होती.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “बबनच्या वर कोनतरी पायजेल.”